वाचकांचे प्रश्न : सोलापूरच्या उन्हात पहिलं ओव्हरक्लॉकिंग

प्रश्न : ताई, मी वीस वर्षांचा आहे, पूर्व भागात राहतो. खाली आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आणि वर पत्र्याच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टॉवेल-चादरींच्या कॅटलॉगची चित्रं करतो. ग्राफिक्स कार्ड 2 जीबीचं, त्यात टॉवेलचे लूप मावत नाहीत, म्हणून रेंडर (अंतिम चित्र तयार करणं) सगळं प्रोसेसरवर. रायझन 5 2600 सेकंडहँड घेतलाय, बी450 मदरबोर्ड, डब्यातून आलेलाच कूलर, 3000 ची 16 जीबी रॅम (टास्क मॅनेजरमध्ये 2133 दिसते, का कळत नाही), 550 वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). रेंडर चालू असताना प्रोसेसरचं घड्याळ (म्हणजे वेग) 3.6 गिगाहर्ट्झच्या आसपास असतं. मित्र म्हणतो 4.2 वर टाक, काही होत नाही. मला हाताने ओव्हरक्लॉक करायचं आहे, म्हणजे हा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवायचा आहे, आधी कधीच केलेलं नाही. कुठून सुरू करू? जळणार तर नाही ना?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : कर की. पण 4.2 विसर. त्या मित्राला विचार, त्याने हा आकडा कोणत्या महिन्यात पाहिला. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत रात्री चाललेली सेटिंग मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली गुडघे टेकते. आपल्याकडे घड्याळाचा आकडा शेवटी ठरवायचा. आधी ठरवायचं ते तापमान.

हिशेब सरळ आहे. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त उष्णता खोलीच्या हवेत सोडतो. खोलीत 25 अंश असताना प्रोसेसर 70 वर थांबत असेल, तर तो हवेपेक्षा 45 अंश वर आहे. त्याच खोलीत 42 अंश झाले की तोच प्रोसेसर, तेच काम, 87 च्या आसपास. तुझ्या 2600 ची कमाल मर्यादा 95 आहे. म्हणून माझा सोलापुरी नियम असा : पूर्ण लोडवर खोलीच्या तापमानापेक्षा 45 अंशांहून जास्त चढू द्यायचं नाही. टेबलावर एक साधा थर्मामीटर ठेव. सॉफ्टवेअर प्रोसेसरचं तापमान सांगतं, खोलीचं सांगत नाही.

आता व्होल्टेज. प्रोसेसरची उष्णता घड्याळाच्या सरळ पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समज, 3.6 ला 1.2 व्होल्ट लागतात. 4.0 साठी 1.35 द्यावे लागले, तर वेग 11 टक्के वाढतो आणि उष्णता जवळपास 40 टक्के. 3.9 ला 1.275 मध्ये भागलं, तर वेग 8 टक्के वाढतो, उष्णता 22 टक्के. तासाभराचं रेंडर 3.9 वर साधारण साडेपंचावन्न मिनिटांत येतं, 4.0 वर चौपन्नमध्ये. त्या दीड मिनिटासाठी आणखी पंधरा टक्के उष्णता त्या पत्र्याखाली ओतायची का, हे तूच सांग. तुमच्या कारखान्यातही मागाचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढवला की कापड जास्त निघत नाही, धागा जास्त तुटतो.

3.9 ला आणखी एक कारण आहे. हा प्रोसेसर एकाच कोअरवर, म्हणजे काम करणाऱ्या आतल्या एकाच भागावर, काम असेल तेव्हा मुळातच 3.9 पर्यंत आपोआप जातो. हाताने ठरावीक घड्याळ दिलं की ती आपोआप चढण्याची सोय बंद होते आणि सगळे कोअर तुझ्या आकड्यावर बांधले जातात. 3.8 वर बांधलंस तर रेंडर थोडं वेगात होईल, पण एका कोअरवर चालणारी कामं आधीपेक्षा मंद होतील. 3.9 वर तोटा काहीच नाही. म्हणून तुझं लक्ष्य 3.9. ते गाठलं की थांब.

पण मदरबोर्डच्या सेटिंगला हात लावण्याआधी दोन कामं आहेत, आणि खरं सांगायचं तर तुझ्या बाबतीत फायदा त्यांतच जास्त आहे.

पहिलं, साफसफाई. पूर्व भागातून येणारं कॅबिनेट उघडलं की कूलरच्या पात्यांमध्ये कापसाचं तूस नमद्यासारखं बसलेलं असतं. वरून पंखा नीट फिरताना दिसतो, खाली हवा जातच नाही. ब्लोअर मार, पण मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. जोरात फिरू दिलास तर बेअरिंग खराब होतं. एसएमपीएसच्या जाळीतूनही तूस काढ, मात्र त्याचा डबा उघडू नकोस, आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही चार्ज धरून असतात. कॅबिनेट जमिनीवर असेल तर टेबलावर घे. कारखान्याच्या बाजूची खिडकी असेल तर कॅबिनेटचं तोंड तिच्याकडे नको.

दुसरं, ती रॅम. 3000 ची रॅम 2133 वर चालते आहे म्हणजे एक्सएमपी, रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग, चालू केलेलंच नाही. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, रॅमच्या भागात ते सापडेल. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. रायझनच्या या पिढीत कोअरच्या गटांना जोडणारा आतला रस्ता रॅमच्याच घड्याळावर चालतो, त्यामुळे रॅम मागे पडली की सगळंच मागे पडतं. 2600 साठी एएमडीने अधिकृतपणे 2933 पर्यंतची रॅम सांगितली आहे. 3000 बहुधा चालेल, नाही चाललं तर 2933 ठेव. मात्र रॅम आणि प्रोसेसर एकाच दिवशी बदलू नकोस. रॅम लाव, पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट86 रात्रभर चालव, एकही चूक नको. रॅमची चूक ब्लू स्क्रीन देऊनच येते असं नाही. ती मुकाट्याने फाइल बिघडवते आणि कॅटलॉग छापायला गेल्यावर कळतं.

मग कूलर. डब्यातून येणारा रेथ स्टेल्थ हा मूळ वेगापुरताच आहे. सोलापुरात त्याच्यावर ओव्हरक्लॉक करू नये, एवढं मी ठामपणे सांगते. 120 मिलिमीटरच्या पंख्याचा साधा टॉवर कूलर दोन-अडीच हजारांच्या घरात मिळतो, तो घे. पाण्याच्या कूलरमागे लागू नकोस. या प्रोसेसरला गरज नाही, आणि त्याच्या रेडिएटरच्या बारीक पात्यांत तूस आणखी लवकर बसतं.

जुना कूलर काढताना घाई करायची नाही. तुझ्या प्रोसेसरच्या पोटाला 1331 पिना आहेत आणि सॉकेटची खिट्टी त्याला फार घट्ट धरत नाही. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळलेली असेल तर कूलर ओढताच प्रोसेसर त्याला चिकटून उपटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं रेंडर लाव, पेस्ट मऊ होऊ दे. मग मशीन बंद, वायर काढलेली, चारही स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे सैल करत काढ. कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरव, सुटल्याचं हाताला कळेल, तेव्हाच उचल. बोर्डाच्या मागची लोखंडी पट्टी याच स्क्रूंच्या आधाराने उभी असते, ती खाली पडेल, मागून हात धर. नव्या कूलरला बहुतेक वेळा बोर्डाबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या परत लागतात. बोर्ड सेकंडहँड असेल तर डब्यात त्या आहेत का, ते आधी पाहून घे, नाहीतर मशीन उघडं ठेवून दुकानं पालथी घालावी लागतील. पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. जास्त लावून काही थंड होत नाही.

हे झालं की आजची स्थिती वहीत लिही. प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या सिनेबेंच आर23 ची दहा मिनिटांची मल्टिकोअर टेस्ट चालव, बाजूला तापमान-व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो64 उघडं ठेव. गुण, सगळ्या कोअरचं घड्याळ, प्रोसेसरचं कमाल तापमान, खोलीचं तापमान आणि व्होल्टेज उतरव. व्होल्टेजच्या बऱ्याच ओळी दिसतील. ज्या ओळीत एसव्हीआय2 टीएफएन असं लिहिलंय तीच धर, ती बोर्डाच्या वीज पुरवणाऱ्या चिपेने प्रोसेसरला कळवलेल्या मापाची आहे. ही वही नसेल तर नंतर फायदा झाला की नाही हे नुसतं वाटण्यावर जातं.

आता बायॉस. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. सीपीयू रेशो किंवा कोअर रेशो नावाची ओळ शोध. मूळ घड्याळ 100 मेगाहर्ट्झ, त्याला हा आकडा गुणायचा. 37 म्हणजे 3.7 गिगाहर्ट्झ. त्या मूळ 100 ला हात लावायचा नाही, त्याच्याबरोबर बाकीचीही घड्याळं हलू शकतात. व्होल्टेजची ओळ ऑटोवरून काढून मॅन्युअल कर आणि 1.25 लिही. ऑटोवर ठेवलंस तर बोर्ड आपल्या सोयीने भरपूर व्होल्टेज देतो आणि तू विनाकारण तापत बसतोस. लोडलाइन कॅलिब्रेशन नावाची सेटिंग मधल्या पायरीवर ठेव. लोड आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, ते सावरायचं हिचं काम आहे. सगळ्यात वरची पायरी दिलीस तर लोड सुटताना व्होल्टेज तुझ्या आकड्याच्या वर उसळतं.

37 वर सेव्ह कर, विंडोज येऊ दे, दहा मिनिटं सिनेबेंच. तापमान बघ, लिही. मग 38, मग 39, प्रत्येक वेळी तेच. 39 वर हँग झालं, आपोआप रीस्टार्ट झालं किंवा ब्लू स्क्रीन आला तर घाबरू नकोस, त्या घड्याळाला तेवढं व्होल्टेज पुरत नाही एवढंच. 1.2625 कर, मग 1.275, अशा छोट्या पायऱ्यांनी. 1.325 पर्यंत गेलास आणि तरी 39 बसत नसेल, तर 38.75 किंवा 38.5 वर ये. रायझनमध्ये पाव-पावची पायरी चालते. ते नेहमीसाठी ठेवलंस तर एका कोअरचा थोडा तोटा पत्करावा लागेल, पण तुझं काम रेंडरचं आहे. 1.35 पर्यंत रोजच्या वापराला चालतं असं बरेच जण म्हणतात. इथल्या उन्हासाठी मी 1.325 लाच कुंपण घालते. एकाच नावाचे दोन प्रोसेसर सारखे निघत नाहीत. तुझा 39 वर गेला नाही तर तो नशिबाचा भाग आहे, व्होल्टेज कोंबून ते बदलत नाही.

सिनेबेंच पास झाला म्हणजे काम झालं असं नाही. मशीनवर मुद्दाम ताण टाकणारं ओसीसीटी तासभर चालव, आणि एचडब्ल्यूइन्फो64 मध्ये अगदी तळाशी विंडोजच्या हार्डवेअर चुकांची डब्ल्यूएचइए नावाची ओळ असते, ती शून्यच राहिली पाहिजे. तिथे एक आकडा जरी आला तरी एक पायरी व्होल्टेज वर किंवा घड्याळ खाली. प्राइम95 मधली स्मॉल एफएफटी ही चाचणी फार निर्दय आहे, तुझं कोणतंही रेंडर प्रोसेसरला तेवढं तापवणार नाही. पाच मिनिटं बघायला हरकत नाही, पण तिच्या तापमानावरून सेटिंग ठरवायची गरज नाही. खरी परीक्षा तुझं स्वतःचं सगळ्यात जड दृश्य, दुपारी दोन वाजता, पंखा तुझ्याकडे वळवलेला आणि कॅबिनेटकडे नाही, अशा स्थितीत. चाचण्या चालू असेपर्यंत कॅटलॉगच्या फाइलींची एक प्रत बाहेर ठेव.

मशीन अजिबात सुरूच झालं नाही तर? बहुतेक बोर्ड दोन-तीनदा स्वतःहून प्रयत्न करून मूळ सेटिंगवर येतात, एखादं मिनिट वाट बघ. नाहीच आलं तर प्लग काढ आणि बोर्डावरच्या सीएमओएस क्लिअर करायच्या, म्हणजे बायॉसची सेटिंग पुसायच्या, दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोड. किंवा सीआर2032 चा गोल सेल काढून पाच-दहा मिनिटांनी परत लाव. सगळं मूळ पदावर येतं, रॅमचं एक्सएमपीसुद्धा, ते परत चालू करायला विसरू नकोस. सेटिंग सेव्ह करताना वीज गेली तरी काही बिघडत नाही. वीज गेलेली महागात पडते ती बायॉस अपडेट करताना. वळवाच्या दिवसांत यूपीएसशिवाय तो उद्योग करायचा नाही.

बोर्डाचंही बघ. प्रोसेसरच्या डावीकडे वीज पुरवणाऱ्या चिपांवर धातूचा जाड तुकडा, म्हणजे हीटसिंक, आहे का? स्वस्तातल्या काही बी450 बोर्डांवर तो नसतो. नसेल तर 3.8 च्या पुढे जाऊ नकोस. 550 वॅटचा एसएमपीएस बऱ्या कंपनीचा असेल तर पुरेसा आहे.

जळेल का, हे विचारलंस. घड्याळ वाढवून जळत नाही, फार तर मशीन अडकतं. प्रोसेसर मरतो तो जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान दीर्घकाळ एकत्र राहिल्याने, आणि तेही हळूहळू : आज चालणारी सेटिंग वर्षाने चालेनाशी होते. वॉरंटीचं मात्र स्पष्ट आहे, ओव्हरक्लॉक करून झालेलं नुकसान एएमडी भरून देत नाही. तुझा सेकंडहँड आहे, त्यामुळे तो प्रश्न तसाही उरला नसावा.

जाता जाता, तुझ्या मित्राच्या डोक्यातले आकडे कुठून येतात ते सांगते. 1998 मध्ये इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. 66 मेगाहर्ट्झचं मूळ (बस) घड्याळ 100 वर नेलं की 300 मेगाहर्ट्झचा हा स्वस्तातला प्रोसेसर थेट 450 वर जायचा, बऱ्याच जणांकडे मूळ व्होल्टेजवरच. फुकट दीडपट वेग! त्या काळातल्या गोष्टी अजून फिरतात. आता कंपन्या ही शिल्लक स्वतःच वापरून टाकतात, प्रोसेसर थंड असेल तर आपोआप वर चढतो. आपल्या वाट्याला उरतात पाच-दहा टक्के.

प्रश्न : माझा मुलगा बारावीनंतर घरी कॉम्प्युटर जोडत बसला आहे. आता प्रोसेसरचा वेग वाढवतो म्हणतो. घरात आग वगैरे लागणार नाही ना? वीजबिल किती वाढेल? त्याला नको म्हणू का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : नको म्हणू नका. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही तापला तर मशीन बंद पडतं. ही सोय त्याच्या आतच आहे.

बिलाचं म्हणाल तर, समजा 40 वॅट जास्त लागले आणि रोज पाच तास पूर्ण लोडवर चाललं, तर दिवसाला 0.2 युनिट, महिन्याला 6 युनिट. कूलर आणि फ्रीजच्या बिलात ते दिसणारसुद्धा नाही.

आगीची काळजी करायचीच असेल तर टेबलाखाली बघा. बिननावाचा स्वस्त एसएमपीएस, एका एक्स्टेन्शन बोर्डावर कॉम्प्युटर, मॉनिटर, इस्त्री आणि एअर कूलर, सैल झालेला सॉकेट ज्यात प्लग लावताना चर्रकन आवाज येतो, हे धोकादायक आहे, ओव्हरक्लॉक असो वा नसो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, एकदा विचारा त्याला. येत असतील तर अर्थिंग नाही. जुन्या वायरिंगमध्ये सॉकेटला तीन भोकं असतात आणि तिसऱ्याच्या मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते आधी करून घ्या, मग मुलाला काय करायचं ते करू द्या. फक्त त्याला एक अट घाला : मशीन उघडताना प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही.

प्रश्न : आय5 12400 आणि बी660 बोर्ड घेतला. दुकानदार म्हणाला होता ओव्हरक्लॉक होतं. बायॉसमध्ये रेशो 44 च्या वर जातच नाही. बोर्ड खराब आहे का?
— एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : बोर्ड चांगला आहे, माहिती चुकीची मिळाली. इंटेलमध्ये रेशो वाढवायला प्रोसेसरच्या नावात के हवा आणि बोर्ड झेड मालिकेचा हवा. तुमच्याकडे दोन्ही नाही. 4.4 हीच 12400 ची कमाल आहे. बी660 वर रॅमचं एक्सएमपी मात्र चालतं, ते चालू आहे का बघा. बायॉसमधली वीजमर्यादाही बघा. 65 वॅटवर बांधलेली असेल तर लांब रेंडरमध्ये घड्याळ खाली येतं. बरा कूलर लावून 117 वॅटपर्यंत मोकळी करता येते, तेवढी इंटेलनेच कमाल टर्बोसाठी ठरवून दिली आहे. झेड बोर्ड आणि के प्रोसेसर आता नव्याने घ्यायचा विचार असेल तर तो सोडा, त्याच पैशांत आणखी रॅम आणि मोठी एसएसडी येईल.